काचेची तार

सिप्रियन मास्तरांचा जीव जुन्या फोनवर. त्याच्याच तांब्याच्या तारेवरून घरात इंटरनेट यायचं, पण रडतखडत. कॅनडातला मुलगा केनी पडद्यावर बोलता बोलता गोठायचा.

"पप्पा, फायबर घ्या. नंबर तोच राहतो."

"आणि लाईट गेली की?" मास्तर उखडायचे. "या तारेतून फोनला एक्स्चेंजची वीज मिळते. काचेच्या तारेतून काय मिळणार, कपाळ?"

"तुमचं आपलं काहीतरीच!" बायको हिल्डा तणतणायची. तिला नातवाचा बाप्तिस्मा धड बघायचा होता. अखेर मास्तर नमले. फायबर आलं, बाप्तिस्मा लख्ख दिसला, आणि पुढे कितीतरी दिवस ती त्यांना टोमणे मारत राहिली.

मग वादळात माणिकपूरची वीज गेली. दुपारपर्यंत मोबाईलही बंद पडला. मास्तरांच्या छातीत कळ आली तशी हिल्डाने फोन उचलला; तो मुका. ती तशीच डॉक्टरांकडे धावली. त्यांना घेऊन परतली तेव्हा मास्तर खुर्चीत संपले होते, रिसीव्हर कानाशी धरून.

सकाळी वीज आली. फायबरच्या डब्यावर हिरवा दिवा लागला आणि फोन वाजला.

"मम्मी, पप्पांना दे ना," केनी म्हणाला.

आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ होता.