टोप्या तीन, डोकी दोन

लेकरं मोजायची नाहीत, मोजली की नजर लागते, असा आईचा कडक नियम होता. आम्ही पाच भावंडं. मी थोरली, अकरा वर्षांची, आणि माझ्यामागे चार भाऊ. त्यांना सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात. न मोजता सांभाळायचं तरी कसं? मी पळवाट काढली. चौघांच्याही डोक्यावर टोप्या असत. मी टोप्या मोजायची.

पाठच्या भावाच्या कानामागे मोठं गळू झालं. बाकीच्यांना घरी सांभाळायला कोणी मोठं नव्हतं, म्हणून आमच्या महाल वस्तीतून धंतोलीच्या दवाखान्यात टांग्याने सगळीच वरात निघाली. तो वाटभर एकच विचारत होता, "चाकू लावतील काय वं आई?"

"नाही गा, नुसतं पाह्यतील," असं म्हणत आईने पदर सारखा केला. खोटं बोलताना ती नेहमी पदर सारखा करायची आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो पांढराफटक पडला.

कंपाउंडरने आईला आणि त्याला आत बोलावलं. "यायले हलू देऊ नको," आईने मला बजावलं. बाहेरच्या बाकावर मी तिघांना फुटाणे वाटले, एक भांडण सोडवलं, एक नाक पुसलं आणि घडीघडी टोप्या मोजल्या. तीन. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. पुन्हा मोजल्या, तीनच. पण तिसरी टोपी बाकावर नुसतीच पडली होती. चार वर्षांचं शेंडेफळ गायब! मी रस्त्यापर्यंत धावले. कुठेच नाही. आता आईला काय सांगू? शेवटी रडतच आत शिरले.

धाकटा टेबलाखाली होता. वर लोंबणारा भावाचा पाय दोन्ही हातांनी धरून त्याने भोकाड पसरलं होतं. गळू कापून झालं होतं आणि ज्याचं कापलं तो चूप पडून होता.

"एकाले कापलं अन् दुसराच रडून राहिला!" डॉक्टर हसले.

आई हसली नाही. "तुझं लक्ष कुठी होतं वं?"

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला निघताना आईने सवयीने मला हाक मारली. भाऊ म्हणाला, "ताई नको. यालेच घेऊन चल." आणि धाकट्याचा हात धरून तो टांग्यात चढलाही. मला राग आला, पण त्याहून जास्त बरं वाटलं; घरी मोजायला दोनच टोप्या उरल्या होत्या.