ओटीवरून कोठीत

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कर्जतजवळच्या एका भातगिरणीत टेंपोतून कॉम्प्युटर आला, तोही तीन गाद्यांत गुंडाळून, बाळंतिणीसारखा. शेठनी हार घातला, नारळ फोडला; पाणी कीबोर्डावर उडालं ते त्यांच्याच हातून, ओरडा मात्र मला. वीज तयार व्हायची शेजारी भिवपुरीला, पण आमच्याकडे मुक्कामाला यायला लाजायची.

शेठ म्हणाले, "भाताचा हंगाम नीट पार पाड, तुला कायम करतो." त्या एका शब्दासाठी मी असा प्रोग्राम लिहिला, की माथेरानच्या माकडांनीही चालवावा. त्याचे तीन भाग केले. नोंदी साठवणारं मॉडेल, त्या पडद्यावर दाखवणारा व्ह्यू आणि मधला कंट्रोलर; ही नावं शेठना पचेनात.

"शेठ, घरात भाताची कोठी असते, पाहुण्यांना ओटी असते, मधे कारभारी असतो. ओटीवरचा माणूस थेट कोठीत हात घालतो का?"

"तंगडं मोडीन!"

कळलं म्हणायचं.

काट्यावर ओलमापकानं ओलं ठरवलेल्या भाताच्या नोंदीपुढे पडद्यावर चांदणी लुकलुकायची. ते भात मुकादमानं आधी खळ्यावर वाळवायचं, मग गोदामात थप्पी लावायची. पूर्वी तो दाणा दाताखाली फोडून ओल सांगायचा. शेठनी ते बंद केलं. आता डबा सांगेल तेच खरं.

"म्हंजी माजं दात फुकाटच गेलं म्हना," मुकादम म्हणाला.

मग मुंबईचे व्यापारी माल बघायला यायचे ठरले. शेठना पडद्यावर एवढं चांदणं नको होतं. मी म्हटलं, त्यात काय, कारभाऱ्याला सांगतो, पाहुण्यांपुढे चांदण्या ओटीवर आणू नकोस, कोठीत असू देत. पण नेमकं त्याच सकाळी मला स्टॅबिलायझर दुरुस्त करून आणायला चौक गावाला पिटाळलं, आणि माझ्या खुर्चीत शेठचा भाचा बसला. त्यानं कारभाऱ्याला विचारलंसुद्धा नाही. थेट कोठीत उतरून चांदण्या मुळासकट पुसल्या, वर बॅकअपच्या फ्लॉपीवरही तीच झाडलोट उतरवली.

संध्याकाळी परत येऊन मी जी बोंब ठोकली, तिनं पळसदरीच्या धरणात लाटा उठल्या असतील. शेठ म्हणाले, "पाहुणे खूश होऊन गेले. तुझ्या का पोटात दुखतंय?"

मुकादमाकडे धावलो. "अहो, पोत्यांत हात घालून बघा!"

"डब्यात चांदनी हाय का? नाय ना? मंग आमी थप्पी लावली. शेटचा हुकूम हाय, बाबा."

थप्पी तापली. आधी वाफ, मग आंबूस वास, मग पोत्यांच्या विणीतून हिरवे कोंब. गोदामात लावणीच करायची बाकी राहिली होती.

"तुझ्या प्रोग्रामनं भात कुजवलं," शेठ म्हणाले.

"प्रोग्रामनं नाही. तुमच्या भाच्यानं कोठीत हात घातला."

"तो घरचा आहे. घरचा माणूस कोठीत जाणारच."

भाचा माझ्या जागी कायम झाला. शेठ शब्दाला पक्के. तंगडं मोडीन म्हणाले होते, मोडलं. माझं.