तिसरा मुद्दा

माझी सून एम.ए. करते, बाहेरून. विषय इतिहास. पोरगं सात महिन्यांचं, त्यामुळे तिला बसून अभ्यास होत नाही. दुपारी ती झोळीला झोका देत उत्तरं तोंडपाठ म्हणते आणि मी समोर वही धरून बसते. ओळीवर बोट ठेवायचं, आणि ती चुकली की थांबवायचं, एवढंच माझं काम.

"आई, गप बसू नका हं. राहिलं की राहिलं म्हणा," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. मी चौथी शिकलेली, जोडाक्षराला अडखळते. त्यातून जन्मात कुणाला थांबवलेलं नाही. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळच बसते.

एक उत्तर वीस मार्कांचं होतं. मध्ययुगात झालेल्या धर्मयुद्धांचे शेजारच्या समाजांवर काय परिणाम झाले, असा प्रश्न. मुद्दे पाच. पहिला व्यापाराचा, दुसरा राजेलोकांचा. तिसरा ती रोज विसरायची.

"तिसरा राहिला," मी म्हणायची.

"वाचा बरं."

मग मला तो मोठ्यानं वाचावा लागायचा. लढाई फार लांबच्या मुलखात होती. तिकडं निघालेल्या फौजांनी वाटेतल्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या लोकांवर हल्ले केले. त्या लोकांचा त्या लढाईशी काही संबंध नव्हता. तीन दिवस ती विसरली आणि तीन दिवस मी तेच वाचलं. तिसऱ्या दिवशी माझं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"लढायला लांब चालले होते, मग वाटेत ह्यांना कशाला मारलं?" मी विचारलं.

"लांबचा दुश्मन दिसत नव्हता की, आई. हे हाताशी होते."

"आणि शेजारी?"

"कुणाचे?"

"ह्यांचेच. भिंतीला भिंत लागून राहणारे."

तिनं वही घेतली, पुढचं पान बघितलं. "काहींनी घरात लपवलं म्हणे. बाकीच्यांचं काही लिहिलेलं नाही. काही केलंच नसेल त्यांनी. न केलेलं कोण लिहून ठेवतंय?"

ती हसली आणि चौथ्या मुद्द्याला लागली. तिनं काय काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही.

ती बाळंतपणाला शाहूवाडीकडं माहेरी होती तेव्हाची गोष्ट तिला ठाऊक नाही. मोबाईलवर फिरलेल्या कसल्याशा चित्रावरून पेठेत दोन दिवस दुकानं बंद होती. आमच्या गल्लीत दगड पडला नाही की आरडाओरडा झाला नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाई आणखी दोघींना घेऊन माझ्या दारात आल्या.

"आजपासनं तिच्याकडं शिवायला टाकायचं न्हाय. आपली माणसं हायत की शिवणारी. तुमचं काय हाय का तिच्याकडं?"

ती म्हणजे आमच्या शेजारची भाभी. वीस वर्षं माझे ब्लाउज तिनंच शिवले. आमचे हे गुडघेदुखीनं अंथरुणाला होते तेव्हा महिनाभर आमचं दळण तिनं आणलं. मोहरमला आमच्या घरचा नारळ पीराच्या पंज्याला जायचा, तोही तिच्याच हातून. मी मान हलवली. हाय, एक हाय.

"मग चला की. आमी बी चाललोय."

आणि मी चपला घातल्या. कुणी हात धरून ओढलं नव्हतं.

भाभी मशीनवर होती. एकेकीचं कापड तिनं काढून दिलं. माझी पाळी आली तशी म्हणाली, "वैनी, तुमचं कापून झालंय. दोन तास थांबा, शिवूनच देते."

मी खाली फरशीकडं बघितलं. मागून कोपऱ्यावरच्या बाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, हाय तसं द्या."

तिनं तुकडे एकावर एक नीट लावले, जुन्या पेपरात गुंडाळले आणि त्याच कापडाच्या काठानं बांधून माझ्या हातात दिले. मोरपंखी रंगाचं कापड. पुढं दोन शिंप्यांना दाखवलं, दोघांनी नाही म्हटलं. एकानं उलगडून लगेच परत केलं. म्हणाला, "दुसऱ्यानं बेतल्यालं मी शिवत न्हाय. तिनं कुठं किती सोडलंय, मला काय म्हाईत?" तेव्हापासून ती गुंडाळी ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होती. साडी काढताना हाताला लागायची, की मी वरची साडी घेऊन झाकण लावायची.

सुनेनं ते न केलेल्याचं सहज म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुंडाळी घेऊन निघाले. दहा पावलांचं अंतर. कोपऱ्यावरच्या बाई कट्ट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्या हातातलं बघितलं आणि मी पदराखाली लपवलं. हे सांगताना लाज वाटते, पण लपवलं.

काय बोलायचं ते मी घरात पाठ केलं होतं. भाभीच्या दारात गेले आणि सुनेसारखीच विसरले. गुंडाळी मशीनच्या फळीवर ठेवली. तिनं गाठ सोडली, तुकडे पसरले, बाहीला टाचणी तशीच होती ती काढून टाचण्यांच्या उशीत खोचली.

"माप तेच का?"

"व्हय."

"वर्ष होत आलं. बदलतंय माणसाचं."

एरवी ती टेप घेऊन उठायची, मला गरकन फिरवायची, वर म्हणायची, "वैनी, भात कमी करा की जरा!" ती उठली नाही. टेप माझ्याकडं सरकवली. माझं मीच मोजलं आणि आकडा सांगितला.

मी म्हणाले, "भाभी, त्या दिवशी मी..."

"आठ दिवसांनी या." तिनं फळीखालची वही काढली. ह्या वहीत माझं कापड कधी लिहिलं गेलं नव्हतं, तिला सगळं तोंडपाठ असायचं. पेनाचं टोपण दातानं काढून तिनं मान वर केली.

"नाव काय लिहू, पावणं?"

अनोळखी गिऱ्हाइकाला ती असं म्हणते, मला कायम वैनी. ती थट्टा करत नव्हती. पेन कागदावर टेकवून थांबली होती. मग मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. तिनं ते एकेक अक्षर लिहून काढलं आणि पुन्हा मशीनवर बसली.

मंगळवारी आठ दिवस होतात. कोपऱ्यावरच्या बाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलंय म्हणे. मी जाणार आहे. राहिलेलं वाक्य रोज दुपारी, सुनेचं झालं की, मनातल्या मनात म्हणून बघते.