साइटवरचं काम

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. विमानतळाच्या बातम्यांनी पनवेलच्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. मी तालुका पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच नेऱ्याच्या बाजूने फोन आला. पिवळ्या टोप्या घातलेली माणसं एका घरावर चालून आली होती. त्यांनी कुंपण उपटलं, कौलं फोडली आणि आडव्या आलेल्या घरमालकाच्या डोक्यात पहार घातली.

आम्ही पोहोचेपर्यंत त्यांचा टेम्पो पसार झाला होता. गावकऱ्यांनी एकाला तेवढा धरून ठेवला होता. उंच, तरणाबांड, पायात पॉलिश केलेले बूट आणि शर्ट रक्ताने माखलेला. "रंगेहाथ सापडला साहेब," हवालदार खुशीत म्हणाले. पंचनामा झाला, शर्ट मुद्देमालात जमा झाला.

मुलगा पनवेलमधल्या कोकणी मुसलमान घरातला. वडिलांची छोटी बेकरी. आयटीआय करून फिटर झालेला, आखातातल्या नोकरीचा व्हिसा हातात आलेला. फक्त चारित्र्याचा पोलिसी दाखला बाकी होता. तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून त्याने मजूर पुरवणाऱ्या एका एजंटामार्फत कंत्राटी काम धरलं होतं.

"काय काम म्हणून गेलास?" मी विचारलं.

"साइटवरचं, साहेब."

"अरे, पण साइटवर काय? झाडू मारायचा, की विटा उचलायच्या?"

"तेच विचारलं मी. एजंट म्हणाला, आल्यावर सांगतील. परत विचारलं तर म्हणाला, तुला काम पाहिजे की माहिती? मागे रांग होती. मी नाव लिहून दिलं."

तिथे गेल्यावर सांगितलं, कुंपण काढायचंय, मालकाची परवानगी आहे. याने दोन खांब उपटलेही. मग मालक धावत आला, पहार पडली आणि सगळे पळाले. हा मात्र थांबला आणि शर्टाच्या टोकाने जखम दाबून बसला, असं त्याचं म्हणणं. "आपल्याकडे आलेला प्रत्येक जण मदतच करत असतो," हवालदार हसले. पण डॉक्टरांनी जबाबात सांगितलं, जखम कुणीतरी घट्ट दाबून धरली म्हणून हा माणूस जिवंत आहे. मग हवालदारांचं हसू मावळलं.

एजंटला उचलून आणला. एसटी स्टँडजवळ त्याचं ऑफिस होतं. माणूस तोंडाने साखर, कपड्यांना कडक इस्त्री. "साहेब, मी फक्त माणसं पुरवतो. माणसं पळस्पे फाट्यावर उतरवली, माझं काम संपलं. पुढे कुठे नेली, काय करवून घेतलं, देवाशपथ मला माहीत नाही. मी कुणाला मारामारी कर म्हटलं का? विचारा ना." विचारलं. खरंच, त्याच्याकडून कामाला गेलेल्या कुणालाच त्याने काही सांगितलेलं नव्हतं! मोघम बोलणं हीच त्या हरामखोराची ढाल होती. कोठडी संपत आली तरी तो हसतमुखाने चहा पीत होता.

मग एक दिवस नेऱ्याकडचा एक रांगडा गडी ठाण्यात आला. तक्रार द्यायला नव्हे, भांडायला.

"साहेब, त्या एजंटाला तुमी धरलाव ना? बरा केलाव! मी पन गेलतो त्याच्याकडं. उंची बगितली, बूट बगितलं, हो म्हनला. मंग गाव इचारलं. गावाचं नाव आयकलं नि म्हनतो कसा, तुज्यासाठी काम नाय. का नाय? आमच्या गावाला काय रोग लागलाय?"

मी त्याला बसवलं, चहा पाजला. त्याचा अपमान आमच्या पथ्यावर पडला होता. कामाला घेताना शिक्षण नाही विचारलं, अनुभव नाही विचारला, पण गाव विचारलं. आपल्याकडे कुठल्याही गावात अर्धा गाव एकमेकांचा सोयरा असतो. ओळखीच्या घरावर कोण चालून जाईल?

एजंटला पुन्हा समोर घेतलं. आवाज चढवला नाही. धंद्याच्या गप्पा मारत सहज म्हटलं, "माणसं निवडणं म्हणजे डोकेदुखीच. नेऱ्याकडची पोरं कशी आहेत कामाला?"

"तिकडची नकोच घ्यायला साहेब. ओळखीपाळखीत अडकतात, ऐन वेळी हात आखडतात."

"कुठे अडकतात? टेम्पो कुठे जाणार, हे तर तुला माहीतच नव्हतं."

त्याचा चहा कपातच राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने ती जागा बळकावू पाहणाऱ्या जमिनीच्या दलालाचं नाव दिलं. दलालही आत गेला, पहार मारणाराही सापडला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पण त्या मुलाचं काय? ओळख परेडीत घरमालकाने त्याच्यावरच बोट ठेवलं. "हाच माज्या अंगावर वाकला होता." मी त्यांना समजवायला गेलो, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "माजं घर फोडलं, डोकं फोडलं. आता त्यातला बरा कोन नि वाईट कोन, ते पन मीच निवडू?" त्यांना तरी काय बोलणार? खांब उपटल्याचं मुलाने स्वतः कबूल केलं होतं. बेकायदा जमावात होता, एवढं कायद्याला पुरतं. दोषारोपपत्रात नाव राहिलं.

दाखल्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी शेरा मारला, गुन्हा न्यायप्रविष्ट. त्याचे वडील भेटायला आले.

"साहेब, त्याने कुणावर हात उचलला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच लिहा ना. खुदाच्या वास्ते, जास्त काही नको."

ते लिहिण्याचा अधिकार कोर्टाचा, असं मी सांगितलं. ते आदबीने उठले, सलाम करून गेले. व्हिसाची मुदत संपली. एजंटाला जामीन मात्र त्या मुलाच्या आधी मिळाला, आणि काही महिन्यांत नवी पाटी लावून तो पुन्हा माणसं पुरवू लागला.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं: जो काम मोघम सांगतो, त्याला ते पक्कं ठाऊक असतं. आणि ज्याला पोटासाठी ते घ्यावं लागतं, त्याला खोदून विचारण्याची चैन परवडत नाही. पोरांनो, नीट चौकशी करा, असं व्याख्यानांत सांगणं सोपं आहे. मीही सांगतो. सांगताना माझीच मला चीड येते.

बऱ्याच वर्षांनी मुलगा निर्दोष सुटला. निकालाची प्रत घेऊन तो माझ्या घरी आला. केस विरळ झाले होते. मी पेढा पुढे केला, तो त्याने घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "आता हे मी कुणाला दाखवू?"