काका फ्यूज धर म्हणाले तेव्हा

रविवारी दुपारी जेवण उरकून मी मोबाइलवर परग्रहावरची एक मालिका बघत होते. त्या भागात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन सैनिक एका ओसाड ग्रहावर अडकतात. हवेची टाकी एकच. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं टाकीचा कॉक सांभाळायचा. पण दोघांनाही लहानपणापासून सांगितलेलं, की समोरचे लोक झोपेत गळा कापतात. त्यामुळं तीन दिवस दोघंही टक्क जागे. मला हसूच आलं. म्हटलं, काय येडी माणसं, कुणीतरी सांगितलं आणि बसले धरून! हसता हसता काका आठवले आणि पुढचं काही दिसेना.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नळदुर्गच्या अलीकडं त्यांचं आणि आमचं रान लागून आहे. ह्याच काकांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला सामाईक विहिरीत पोहायला शिकवलं. पुढं बांधावरनं वाजलं आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. पण विहीर एक, मोटार एक. मग भावकीत चालतं तसं सुरू झालं. बोलायचं ते विहिरीजवळच्या म्हशीशी. "उद्या पाण्याची पाळी आमची हाय गं," असं काका तिला सांगायचे, आणि वडील तिलाच म्हणायचे, "व्हय, ठाऊक हाय." दोन्ही घरांचं निमूट ऐकून घेणारी ती एकटीच. आमच्या घरात मात्र रोजचा एकच पाठ होता: त्याच्या कशाला हात लावू नको, कशात तरी गुंतवील.

एका उन्हाळ्यात मोटारीच्या पाइपात गाळ अडकला. दोन्हीकडचा ऊस माना टाकायला लागला. वडील तुळजापूरला गेलेले, विहिरीवर मी एकटी. काका आले. पेटीतले फ्यूज काढले. आमच्याकडं रीत अशी, की उतरणाऱ्यानं फ्यूज वरच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि त्यानं पेटीपाशी उभं राहायचं. खाली माणूस पाण्यात असताना कुणी ते बसवले तर संपलंच. काकांनी फ्यूज माझ्यापुढं धरले. म्हशीकडं बघितलंसुद्धा नाही. थेट मला म्हणाले, "धर गं बाय."

मी हात मागं घेतले. मनात आलं, काही झालं तर आपल्यावरच ढकलतील. आणि मी म्हशीला म्हणाले, "आमाला न्हाय जमायचं म्हणावं."

 काका फ्यूज बंडीच्या खिशात घालून विहिरीत उतरले. गाळ काढला, वर आले, मोटार चालू केली आणि निघून गेले. महिन्याभरात त्यांनी आपल्या रानात बोअर घेतला. विहिरीवर यायचं त्यांना कारणच उरलं नाही. त्याला कितीतरी वर्षं झाली. मला काकांची लई आठवण येते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मोबाइल तसाच ठेवला आणि रानात गेले. काका बांधापलीकडं गवत काढत होते. 

"काका," मी म्हणाले, "तवा माझं चुकलं."

त्यांनी मान वर केली. मग मागं वळून पाहिलं, मी कुणाशी बोलतेय ते.