वर्तमानपत्राखालचा समुद्र

माहेराहून पाचोऱ्याला परतताना कोकिळा जळगाव स्टेशनच्या स्टॉलवर दर खेपेला एक कादंबरी घ्यायची. लेखक कोण, गोष्ट कशाची, ते ती बघतच नसे. मुखपृष्ठावर पाणी हवं, बस्स! समुद्र, नदी, तळं, काहीही. मेहरूणच्या तळ्याकाठी वाढलेल्या पोरीला सासरच्या कोरड्या अंगणात दुसरं आठवणार तरी काय? पण गाडीत बसली की त्याच चित्रावर ती वर्तमानपत्राचं कव्हर चढवायची. सासू झुंबरबाई अंगठेबहाद्दर, पण जिभेची तिखट. कादंबऱ्या वाचणारी सून तिला खपली नसती.

"काय वाची ऱ्हायनी वं?" सासू दरडावायची.

"पोथी शे, आत्याबाई."

अशी कितीतरी वर्षं गेली. पंच्याण्णव साली सासू वारली. तेरावं झाल्यावर कोकिळेनं पेटीतली सगळी पुस्तकं बाहेर काढली. आता भीती कुणाची? तिनं टराटरा वर्तमानपत्रं फाडली, आणि तिचा हात थबकला. एकूण एक मुखपृष्ठावर, पाण्याच्या अगदी कडेला, मिसरीनं माखलेलं बोट उमटलं होतं. घरात मिसरी लावायची ती एकटी सासूच.

म्हणजे सून धुणं घेऊन गेली की म्हातारी हळूच कव्हर उचकटून बघत बसायची, आणि पुन्हा तसंच चढवून ठेवायची!

पुढच्या खेपेला स्टॉलवाल्यानं नदीचं चित्र पुढे केलं. कोकिळेनं ते बाजूला सारलं.

"मोठा समुद्र असलेलं द्या, भाऊ. आमच्या आत्याबाईंना कव्हर काढून दाखवायचा राहिला."