होऊन राहिले : नगरहून केशोरीला, साक्षीच्या शोधात

नाताळ तोंडावर आला होता आणि माझ्याकडे साक्ष नव्हती.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. १९५५ सालची गोष्ट. मी एकवीस वर्षांची, नगरला नुकतीच मास्तरीण झालेली, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली मुलगी. आमच्या चर्चच्या मंडळीत पूर्ण सभासद व्हायचं तर एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून आपण प्रभूचे कधी आणि कसे झालो ते सांगावं लागे. तीच साक्ष. एकेकाच्या साक्षी ऐकून माझी छाती दडपायची. कुणी दारूचा शिसा फोडून आलेला, कुणी विहिरीच्या काठावरून परतलेला. पंचांचे मुख्य दाविदकाका तर वेळेसकट सांगत, "मंगळवार, सायंकाळी साडेपाच." आगगाडी बरी, तिला कधीतरी उशीर तरी होतो.

माझ्याकडे काय होतं? जन्मल्यापासून रविवारची शाळा, गीतं पाठ, प्रार्थना पाठ, आणि प्रार्थना चालू असताना एक डोळा किलकिला करून कोण झोपलंय ते बघायची सवय. नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी माझी पाळी होती. थोरल्या भावाला, शमुवेलला, दया आली आणि त्यानं मला एक साक्ष लिहून दिली. तीत नाग होता. मी शेतातून चालले आहे, नाग फणा काढतो, मी प्रभूचं नाव घेते, नाग निघून जातो. "नाग काळा ठेवू की पिवळा?" एवढंच त्यानं विचारलं. बाबा गावोगाव फिरणारे प्रचारक. लेकीला मंडळीत उभी राहिलेली बघायला आसुसलेले. म्हणजे आता खोटं बोलून आत जायचं की खरं बोलून बाहेर राहायचं, एवढाच प्रश्न होता. आणि तो मला जाळत होता.

मी मार्थामाईंना पत्र टाकलं. लहानपणी मला रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या, पेशानं नर्स. दहा वर्षांपूर्वी त्या पार तिकडं भंडाऱ्याकडच्या केशोरीला गेल्या आणि तिथं छोटा दवाखाना चालवत होत्या. उत्तर कार्डावर आलं : "ये. जाड वहाणा घालून ये, काटे फार. साक्षीचं बघू."

बाबांनी मनमाडला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. नागपूरला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरले. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळं भंडाऱ्यात, आणि भंडारा मध्यप्रदेशात. त्यामुळं मराठी मुलखातून निघून मराठी मुलखात पोचायला मी परराज्यात गेले होते. स्टेशनावर सगळे हिंदीत बोलत होते. दोन आण्यांत चहा आणि गरमागरम आलूबोंडा मिळाला, इतका तिखट की डोळ्यांतून पाणी. पुढं चांद्याकडं जाणारी छोटी गाडी. ती इतकी सावकाश जाई की खिडकीतून धानाची लोंबी तोडता आली असती. गोरेगावच्या बाजाराला निघालेल्या बाया वांग्यांच्या टोपल्या घेऊन माझ्या पायांवर बसल्या. एकीनं विचारलं, "एकटीच कोठी चालली वो? घरी भांडन झालं का?" मी म्हटलं, देवाच्या कामाला. "मंग तं भांडनच असन," ती म्हणाली आणि मला एक पेरू दिला.

दुपारी अर्जुनीला उतरले. माई गाडी पाठवणार होत्या. मी हमालाला विचारलं, "केशोरीच्या माईंची गाडी आली का?"

"हो जी, येऊन राहिली."

वा! येऊन राहिलीसुद्धा. बाहेर लिंबाखाली एक बैलगाडी उभी होती, धानाच्या तणसानं भरलेली. मी ट्रंक चढवली, वर बसले आणि उरलेला पेरू खायला घेतला. अर्ध्या तासानं डोक्याला फडकं बांधलेला गाडीवाला आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काऊन बसल्या जी?"

"केशोरीला जायचंय ना?"

"मी तं नवेगावले जाऊन राहिलो."

"तिथं राहिलात? कधी?"

"आताच!"

"मग इथं कसे?"

त्यानं बैलांकडं पाहिलं, जणू त्यांनी तरी मला समजवावं. तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि तिच्यातून उतरलेला सदाराम, माईंचा शेजारी, धानाचा शेतकरी, पोट धरून हसला. आपल्याकडं 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि मुक्काम ठोकला. तिकडच्या झाडीबोलीत 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, अजून वाटेत आहे. मी पंधरा वर्षं मराठी व्याकरण शिकले होते आणि एका हमालानं मला पहिल्याच वाक्यात नापास केलं.

तुम्ही जाणार असाल तर आता सोय चांगली आहे, रूळ रुंद झालेत, एसटी गावात जाते. तेव्हा मात्र अर्जुनीहून केशोरी म्हणजे बैलांच्या मर्जीचा प्रवास. दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं, मध्येच एखादं तळं, तळ्यात बगळे. वाटेत डोंगर दिसला. सदाराम म्हणाला, "परतापगड." मी हुशारीनं म्हटलं, प्रतापगड तर साताऱ्याकडं आहे. "तो तुमचा असन. हा आमचा. वर म्हादेव बी हाये, दर्गा बी हाये. जत्रेत जाता, तं दोघाईले भेटून या." मी वहीत लिहून घेतलं, साक्षीत कुठं बसतं का बघायला. तेव्हा मी सगळंच त्यासाठी लिहून घेत होते.

माई दारातच होत्या. दहा वर्षांत केस पांढरे झालेले, बोलणं अर्धं तिकडचं झालेलं. भावानं लिहिलेली साक्ष मी त्याच दिवशी त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"नाग चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बिचारा भक्तही निघाला. आता पाणी भर."

पुढचे चार दिवस मी पाणीच भरलं. पाणी उकळलं, पट्ट्या धुतल्या, खरजेच्या पोरांना साबण चोळला, एका आजोबांच्या पायातला काटा हात जराही न हलवता काढला. माईंची प्रार्थना मला फार विचित्र वाटे. ना डोळे मिटणं, ना हात जोडणं. "प्रभू, थांब, हात फिनेलचे आहेत," असं म्हणून त्या हात धुवायच्या आणि मग जिथून तोडलं तिथून पुढं बोलायच्या. मी रोज विचारायची, माई, माझ्या साक्षीचं काय? रोज उत्तर एकच. सांबार निवड. (सांबार म्हणजे कोथिंबीर. हेही मला पातेलंभर डाळ शोधल्यावर कळलं.)

पाचव्या दिवशी सदारामकडची मळणी संपली. नव्या तांदळाचा पहिला भात शेजारीपाजारी द्यायची तिथं रीत. सदारामची बायको पार्बती पळसाच्या पानांवर भात घेऊन आली, वर लाखोळीची डाळ. वास असा की मी हातातली बादली ठेवून पुढं आले. "देवाले दाखवला, आता तुमाले आनला," ती म्हणाली.

देवाला दाखवला! माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी ताठ उभी राहिले आणि अगदी व्यासपीठावरून बोलावं तसं म्हणाले, "आम्ही नैवेद्याचं खात नाही."

पार्बतीचा चेहरा पडला. तिनं माझं पान उचललं, माईंचं ठेवलं आणि गेली. माईंनी आभार मानले आणि जेवायला बसल्या. मला वाटलं त्या रागावतील. त्या डाळ कालवत म्हणाल्या, "तुझं मन खात नसेल तर नको खाऊस पोरी. मनाविरुद्ध घास घेऊ नये. पण मला एक सांग. मनासाठी नाकारलास की मिरवायला?"

खरं उत्तर माझ्या वहीसाठी तयार होतं. पार्बती वळते न वळते तोच मी मनात वाक्य जुळवलं होतं : 'मूर्तिपूजकांच्या गावात मी एकटी खंबीर उभी राहिले.' नागापेक्षा चांगली साक्ष मिळाली म्हणून मला आनंद झाला होता. एका बाईचं पहिलं पीक परत पाठवून. मला इतकी लाज वाटली की मी अंगणात जाऊन उगाच झाडू मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बतीच्या दारात गेले. ती चुलीशी होती.

"कायले आल्या मास्तरीनबाई?"

"भूक लागली," मी म्हटलं. "काल मी चुकले, वहिनी. भात देवाचा होता म्हणून नाही, मी मोठी दिसावी म्हणून परत केला."

पार्बतीनं फुंकणी खाली ठेवली. "मले वाटलं, नैवेद्याचं निमित्त हाये, खडे निंगाले असन. सासूले सांगतलंच नाही मी. तिनं हातानं निवडला व्हता, तिले लय लागलं असतं." तिनं पाट पुढं सरकवला. "बसा आता."

"भात आहे का?"

"शिजून राहिला."

मी ताट पुढं केलं. पाच दिवस झाले तरी कान नगरचेच! पार्बती हसत सुटली. "अवो, शिजून राहिला म्हनलं ना! उकळताच खाता का?" तिनं झाकण काढून मला वाकायला लावलं. भात रटरटत होता.

"कच्चा हाये का?"

"नाही."

"झाला का?"

"नाही."

"मंग? लाकूड सारा थोडं आत."

मी लाकूड सारलं आणि तिथंच बसले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मी इतके दिवस कच्चं किंवा झालेलं या दोनच खणांत शोधत होते, आणि इथं साध्या भातालाही तिसरा खण होता. भात झाल्यावर मी त्याच्यावर प्रार्थना केली. पाठ नसलेली पहिलीच : प्रभू, भात चांगला आहे, मी अजून तेवढी नाही. माईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं की. आता घरी जा. आणि जाण्याआधी पाणी भर."

परतीला पार्बतीनं पायलीभर तांदूळ बांधून दिला, तो नागपूरच्या स्टेशनात फाटक्या पिशवीतून निम्मा सांडला. उरलेल्याचं आईनं खिमट केलं आणि म्हणाली, तांदूळ बरा पण फार चिकट. साक्षीसाठी वहीत लिहून घेतलेला प्रवास मी फाडून टाकला.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मंडळीनं चर्च गच्च भरलं होतं. बाबा पहिल्या बाकावर, नवा कोट घालून; मी तीन बाकं मागं. शमुवेल मला खुणेनं नागाचा फणा करून दाखवत होता. दाविदकाका उठले. "एस्तेर, तू प्रभूची झालीस का?"

मी जागेवरच उठून उभी राहिले. मग म्हटलं, "होऊन राहिले."

चर्चभर एकच समाधान पसरलं. झाली, आणि राहिलीही! ठाम, पक्की. बाबांनी डोळे पुसले. दाविदकाका मान डोलवत म्हणाले, "शाबास. असं निश्चित बोलावं." मी खाली बसले. सगळं मिळालं होतं, एकही खोटा शब्द न बोलता. गप्प बसले असते तर आजपर्यंत कुणाला कळलं नसतं.

पण मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, "काका, तुम्ही ऐकलंत ते मी बोलले नाही. मी केशोरीचा शब्द बोलले. तिकडं होऊन राहिले म्हणजे होते आहे. अजून झाले नाही. माझ्याकडं वार नाही, वेळ नाही. मी लोकांचं मन दुखवते, मग माफी मागते, मग पुन्हा दुखवते. पण चुलीवरून उतरलेली नाही. एवढीच माझी साक्ष आहे."

बाबांच्या कोटाची पाठ तेवढी मला दिसत होती, आणि ती हलत नव्हती. दाविदकाकांनी एकेका पंचाकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "घेऊ या हिला. अर्धवट आहे, पण खरी आहे." बाबा वळले आणि माझ्याकडं बघून हसले तेव्हा मला रडू आलं.

बाहेर वहाणा घालताना दाविदकाका शेजारी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तो मंगळवार माझ्या वडिलांनी ठरवला होता. साक्षीला वार लागतो म्हणून. मला खरं एवढंच आठवतं, की आई अंथरुणाला खिळली होती आणि मी रोज तिचे पाय चेपत रडायचो, आणि असं कितीतरी दिवस चाललं."

"मग तेच का नाही सांगितलंत, काका?"

"चाळीस वर्षं झाली गं. आता मंडळीला मंगळवार पाठ आहे."

पुढल्या वर्षी साक्षीच्या रविवारी, नव्या मुलांना विचारायच्या आधी, दाविदकाका स्वतः उभे राहिले. त्यांनी आईचं सांगितलं. वार सांगितला नाही, आणि कुणी विचारलाही नाही.